रंगात मिसळलेली हवा

माझ्या भावाला साधं पाणी दिलं तरी तो आधी पेला उजेडात धरून बघतो. त्याच्या असल्या सवयींनी मी जन्मभर वैतागले आहे, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगते, मागे नाही. "ताई, एक मिनिट," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते मिनिट संपलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तो मॉडेलं रंगवतो. म्हणजे खऱ्या वस्तूच्या लहान प्रतिकृती: जहाज, पूल, इंजिन, कधी अख्खी इमारत. कारखाना छोटाच आहे. सुतार कापतो, जोडणारा जोडतो आणि शेवटी सगळं माझ्या भावाच्या टेबलावर येतं. तो रंगवतो एअरब्रशने. पेनाएवढं यंत्र, त्यावर अंगठ्याएवढा कप, मागे नळी आणि टेबलाखाली घरघर करणारा कॉम्प्रेसर. डब्यातला रंग त्यात तसाच घालून चालत नाही, पातळ करावा लागतो, आणि इथेच घोडं पेंड खातं. जाड राहिला तर सुई रंग थुंकते. फार पातळ झाला तर रंग सैरावैरा पळतो आणि त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात. दुधासारखा हवा, असं तो म्हणतो. कप तिरका केला की रंगाने भिंतीवरून उतरावं आणि उतरताना मागे पातळ पापुद्रा ठेवावा. तेवढ्यासाठी हा पठ्ठ्या ड्रॉपर धरून "अजून एक थेंब... अजून एक थेंब" करत बसतो. म्हणून कारखान्यात त्याचं नाव थेंब. माझी मुलगी त्याला थेंबमामा म्हणते. मी रागात असले की थेंब्या म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा थेंब्याच.

लहानपणापासून हा असाच. शाईत पाणी, सरबतात पाणी, भिंतीच्या चुन्यात पाणी. एकदा वडिलांनी विचारलं, "दुधात पाणी कुणी घातलं?" आमच्याकडे तेव्हा एक मांजर होतं, सगळे आळ त्याच्यावर जायचे. पण हा पुढे होऊन म्हणाला, "मी. फार दाट होतं." मार खाल्ला. वडील म्हणायचे, याला खोटं बोलायची अक्कलच देवाने दिली नाही. त्यात कौतुक किती आणि काळजी किती, ते मला कधी कळलं नाही.

मोठेपणी एका गॅरेजमध्ये गाड्या रंगवायला लागला. मालक म्हणाला, दरवाजा गंजलाय, पुट्टी भर, वर रंग मार, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. याने पुट्टी भरली, रंग मारला, झकास मारला. गिऱ्हाईक आलं, खूश झालं, आणि हा त्याला बोट लावून दाखवत सुटला, की इथे गंज आहे, इथेही आहे आणि खाली बघाल तर तिथेही आहे. नोकरी गेली हे वेगळं सांगायला नको. मी चिडून म्हटलं, "अरे, तुला कुणी विचारलं होतं का?" तर म्हणतो, "ताई, रंग मी मारला होता ना."

अशा माणसाशी माझी गाठ होती, आणि तीसुद्धा नेमकी गरजेच्या वेळी.

माझा नवरा बस चालवतो. म्हणजे चालवायचा. एका संध्याकाळी, दिवे लावायच्या जरा आधी, वळण घेतल्यावर त्याची बस रस्त्याकडेला उभ्या असलेल्या व्हॅनला जाऊन धडकली. फर्निचर वाहून नेणारी व्हॅन होती. टायर बसलेला, बॅटरी उतरलेली, त्यामुळे मागचे दिवे बंद. अर्धी व्हॅन रस्त्यावर होती. व्हॅनवाला चाकाशी बसून नट सोडवत होता. त्याचा पाय चिरडला. बसमधल्या लोकांना मुका मार लागला, तेवढ्यावर निभावलं.

नवऱ्याला घरी बसवलं आणि चौकशी लागली. सगळा प्रश्न एवढाच होता: तेवढ्या उजेडात ती व्हॅन लांबून दिसत होती की नाही? दिसत होती असं ठरलं तर चूक माझ्या नवऱ्याची, आणि मग बस कायमची सुटली. दिसत नव्हती असं ठरलं तर चूक व्हॅनवाल्याची, बिनदिव्याची गाडी रस्त्यात ठेवल्याची. नवऱ्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं की दिसली नाही. मी ते साऱ्या जगाला सांगितलं. मी पडद्यांच्या दुकानात कापड कापते. तिथे येणाऱ्या बायकांना सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, सासूबाईंना फोनवर रोज सांगितलं. कुणी नुसती भुवई वर केली तरी मी अंगावर जायचे.

घरात मात्र कुणाला चैन नव्हतं. नवरा एका जागी बसायचा नाही. चांगला चालणारा नळ उघडायचा आणि परत बसवायचा. कपाटाचं बिजागर घट्ट करायचा, मग म्हणायचा फार घट्ट झालं, आणि सैल करायचा. जेवायला बसला की दोन घासांत उठायचा. मी विचारलं, काय होतंय, तर म्हणायचा, "काही नाही गं, पाय आखडतात." मीसुद्धा दुकानात दोनदा कापड आखूड कापलं. पोरगी आमच्या दोघांच्या मधून मुकाट शाळेत जायची.

आणि मग साहेबांनी, म्हणजे चौकशीच्या अधिकाऱ्यांनी, मॉडेल मागवलं. तो रस्ता, ते वळण, कडेची झाडं, बस आणि व्हॅन, सगळं टेबलावर हवं, म्हणजे समितीला वाकून बघता येईल. असलं काम करणारा आमच्या भागात एकच कारखाना. काम आलं ते थेट माझ्या भावाच्या टेबलावर.

मला वाटलं, देव पावला.

भावाने पहिल्याच भेटीत साहेबांना सांगून टाकलं, "बस चालवणारे माझे दाजी आहेत. काम दुसऱ्याला द्या." मी ऐकून कपाळावर हात मारला. पण साहेब म्हणाले, "मापं आमच्या सर्व्हेवाल्यांची आहेत, तुम्हाला फक्त रंग लावायचाय. रंगात काय नातं आडवं येणार?" आणि त्यांनी व्हॅनच्या दरवाजाचा कापलेला पत्रा त्याच्या हातात ठेवला. "हाच रंग. ना कमी, ना जास्त. मी पत्रा शेजारी धरून बघणार आहे."

तो रंग मी पाहिला. मळकट निळसर करडा. संध्याकाळच्या डांबरी रस्त्यावर असा रंग कुठे उठून दिसणार? माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता बघा म्हणावं.

त्या दिवसापासून दुकान सुटलं की मी कारखान्यात जायला लागले. हा आपला रंग निवडण्यातच गुंग. तेलाचा रंग नको, वाळायला वेळ लावतो आणि चमकतो. तो जळजळीत वासाचा रंगही नको, तो प्लास्टिक खातो. पाण्यातला घेऊ, लवकर वाळतो आणि मॅट बसतो. मग त्याचं स्वतःचं पातळ करायचं द्रव. नुसतं पाणी घातलं तर प्लास्टिकवर रंगाचे मणी होतात, आणि एका जातीच्या रंगात दुसऱ्या जातीचा थिनर पडला तर रंग नासतो, हे मला आता झोपेतही सांगता येईल. मिसळलेला प्रत्येक रंग तो पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर उडवायचा आणि चमचा थर्माकोलात खोचून ठेवायचा. थर्माकोलवर करड्या चमच्यांची रांग लागली होती.

मी एक चमचा उचलून पत्र्याशी धरला. "हा बघ, जुळला की!"

"ओला आहे. ओला रंग खोटं बोलतो, वाळू दे."

वाळला. तरी जुळला. हुबेहूब. मी म्हटलं, "झालं तर मग. मार हा."

मग त्याने दुसऱ्या बाटलीतून फिका करडा घेतला आणि त्या जुळलेल्या रंगात घालायला लागला.

"अरे, अरे! काय करतोयस? जुळलेला रंग बिघडवतोस?"

"ताई, ही व्हॅन एवढीशी आहे. समितीची माणसं ती हातभरावरून बघणार. खरी व्हॅन दाजी बघत होते ती लांबून. मध्ये केवढी तरी हवा होती, आणि हवा रंग खाते. लांबचा डोंगर फिका दिसतो ना, तसंच. मॉडेलला मध्ये हवा नसते. म्हणून ती रंगात घालावी लागते. मी सगळ्यांना घालतो, जहाजांना, इंजिनांना. नाही घातली तर वस्तू खऱ्यापेक्षा काळी दिसते."

"मग दिसू दे!"

माझा आवाज इतका चढला की पलीकडचा सुतार करवत थांबवून बघायला लागला. मी खाली बसले, आवाज खाली आणला आणि त्याला पोरासारखं समजावलं. "हे बघ, साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, ना कमी ना जास्त. पत्र्याला जुळणारा रंग लाव. तू खोटं काही करत नाहीयेस. उलट सांगितलेलं काम करतोयस. कोण तुला नावं ठेवेल?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "तेच तर."

"तेच तर काय?"

"दोन्ही रंग मलाच दिसतायत गं. बाकी कुणाला फरक कळणार नाही. मला कळतो."

काय बोलणार असल्या माणसाशी? मी पुढचे काही दिवस त्याच्या मागे हात धुऊन लागले. गोड बोलले, रडले, अबोला धरला. एकदा तर म्हटलं, "तुला ना बायको, ना पोर. तुला काय कळणार घर म्हणजे काय?" त्याचा चेहरा पडला. तो वळला आणि रंग मिसळायला लागला, आणि बघता बघता कपातला रंग फाटला. गुठळ्या झाल्या. पाण्याच्या रंगात त्याने दुसऱ्याच बाटलीतला थिनर ओतला होता. हा माणूस, जो डोळे मिटून थिनर ओळखतो! त्याने कप फडक्यावर उपडा केला आणि सुई काढून पुसायला बसला. मला भयंकर वाईट वाटलं, आणि तरीही मी सॉरी म्हटलं नाही, कारण मला वाटत होतं की मीच बरोबर आहे.

शेवटी त्याने दोन व्हॅन रंगवल्या. एक पत्र्याबरहुकूम, एक हवा घातलेली. कोणती नेणार, विचारलं तर म्हणाला, "दोन्ही."

सुनावणीच्या दिवशी मी दुकानातून सुट्टी घेतली. खोली मोठी होती, पडदे अगदीच स्वस्तातले. साहेब आणि दोन सभासद एका बाजूला. समोर व्हॅनवाला, कुबड्या भिंतीला टेकवून, शेजारी त्याची बायको. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. माझा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसला होता आणि गुडघा सारखा हलवत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, हात काढला की परत सुरू.

भावाने मॉडेल मांडलं. खरं सांगते, राग होता तरी छाती भरून आली. तोच रस्ता, तेच वळण. त्याने पेटीतल्या कापसातून व्हॅन काढून ठेवली. फिकी ठेवली, मेल्याने.

साहेबांनी पत्रा शेजारी धरला. कपाळाला आठ्या. "जुळत नाही. मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

भावाने ते हवेचं पुराण सांगितलं. सांगताना अडखळला, दोनदा मागे जाऊन परत सुरुवात केली. सभासद घड्याळाकडे बघायला लागले. साहेब भला माणूस होता, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं असेलही बरोबर. पण समितीपुढे पुरावा हा पत्रा आहे, तुमचा अंदाज नाही. जुळणारी आणलीय का?"

"आणलीय. पण ती खऱ्यापेक्षा काळी दिसेल, एवढं लिहून घ्या साहेब."

"घेतो. ठेवा ती."

फिकी परत पेटीत गेली आणि काळी व्हॅन रस्त्यावर आली. पडदे ओढले, ट्यूब बंद केल्या, कोपऱ्यात एकच मंद दिवा ठेवला. सभासद एकेक करून बसच्या मागे वाकले, डोळे बारीक करून बघितलं. एक म्हणाला, "खरंच हो. वळणावरून काहीच कळत नाही." दुसरा म्हणाला, "रस्त्यातच मिसळून गेलीय."

मी मनातल्या मनात नाचत होते. जिंकलो! भावाकडे असं पाहिलं, की घे, तुझ्याशिवाय झालं.

व्हॅनवाला बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, मी वळणापासून पुढे ढकलत नेली होती हो. लांबून दिसावी म्हणूनच." त्याचा आवाज फुटला. साहेब म्हणाले, "कळलं, तुम्ही बसा." तो तर बसलेलाच होता.

माझ्या हाताखालचा गुडघा थांबला.

नवरा उठला. टेबलापाशी गेला आणि बसच्या मागे वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने काळी व्हॅन दोन बोटांनी उचलली, बाजूला ठेवली आणि पेटीतून फिकी काढून तिथे मांडली. परत वाकला.

"ही," तो म्हणाला. "अशी दिसली होती मला."

साहेबांनी हळूच विचारलं, "दिसली होती?"

"दिसली होती. वळण घेतल्या घेतल्या दिसली. पण चालतीय असं वाटलं मला. वाटलं, मी पोचेपर्यंत जाईल पुढे. ब्रेकवर पायच ठेवला नाही. थांबलेली आहे हे कळलं तेव्हा..." त्याने दोन्ही हात पुढे केले, स्टिअरिंग धरल्यासारखे, आणि तसेच ठेवले. मग व्हॅनवाल्याकडे वळला. "तुमची काही चूक नव्हती. तुम्ही चांगली लांब लावली होती गाडी."

व्हॅनवाल्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. माझ्या कानात नुसतं घुं घुं होत होतं.

साहेबांनी ट्यूब लावल्या, लिहायला घेतलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. नोकरीचं काय होणार, कुणाला ठाऊक. बाहेर आल्या आल्या मी भावावर तुटून पडले. "झालं समाधान? भरलं पोट? ती फिकी आणली नसतीस तर..." तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याचेच डोळे भरले होते. म्हणाला, "मला काय माहीत होतं गं? मला तर वाटत होतं, मी दाजींना बुडवतोय."

मग मी बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे वळले. तो शांत बसला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शांत, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"अहो, जगाशी भांडले मी तुमच्यासाठी! सख्ख्या भावाला नाही नाही ते बोलले. निदान मला तरी खरं सांगायचं होतं!"

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी तेच सांगायला घरी आलो होतो. पण मी दारात पाऊल ठेवलं, आणि तूच म्हणालीस, 'तुम्हाला दिसलीच नसेल ना ती?' मी म्हटलं, 'नाही.' तुला एवढं हायसं वाटलं, की मग मला ते परत घेता येईना."

मला ती संध्याकाळ आठवली. अपघाताचं मला फोनवर आधीच कळलं होतं. तो उंबऱ्यावर उभा होता, शर्टाची बाही फाटलेली, आणि मी धावत पुढे झाले होते. हेच विचारलं होतं, याच शब्दांत. काय झालं, असं मी विचारलंच नव्हतं.